श्री. आणि सौ.

धुळे, ९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. दिपमाला हिला अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे सगळे खुशाल असतील. माझ्या डोळ्यांवर धुके दाटले आहे, तरी पुडीचा कागद वाचल्याशिवाय टाकत नाही. हे थट्टा करायचे, की आपल्या घरी डाळीआधी कागद शिजतो.

यांच्या ठेवीवर बँकेने कापलेला कर परत यायचा आहे आणि माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन त्यावरच अडले आहे, हे तुला ठाऊक आहे. काल दुपारी यांच्या फोनवर निरोप आला. (हो, मी तो अजून चार्ज करते. हसू नकोस.) श्री. प्रेमराज, आपला परतावा मंजूर झाला आहे, खाली दाबून कार्डाचा नंबर आणि ओटीपी भरा. मी मोठ्याने वाचला. वर्षभराने कुणीतरी यांना श्री. म्हटले. मग डोळा लागला. केळीच्या बागेतून हे पांढऱ्या सदऱ्यात येत होते, सावकाश, आणि म्हणत होते, मी आठेच शे, इथेच आहे.

दाबू का? निरोपात महिनाअखेरची मुदत दिली आहे. फोनवर विचारले असते, पण बोलताना रडू येते. तू लिही. तोवर यांचा फोन ज्वारीच्या डब्यात राहील.

आठवण ठेव.
तुझी अक्का

जळगाव, १२ सप्टेंबर

ती. सौ. अक्कास दिपमालाचा सा. नमस्कार.

आधी हेच लिहिते, दाबू नकोस. ज्वारीतून फोन काढूही नकोस, भाकरीला त्याचा वास लागला तरी चालेल.

करवाले परताव्यासाठी कार्डाचा नंबर, ओटीपी विचारत नाहीत. पुढचे लिहायला हात धजत नाही. तुमचे कराचे काम बघणाऱ्या रुपचंदभाऊंनी कागदपत्रे भरताना वारस म्हणून तुझे नाव लावले. दाजी गेले हे तिथे माहीत आहे. मग ते दाजींना श्री. कशाला लिहितील? ज्याला ते गेल्याचे माहीत नाही, तो चोर. परतावा तुझ्याच खात्यात येईल. तो निरोप रुपचंदभाऊंना दाखव.

आमच्या गल्लीतल्या पुष्पाबाई उद्या धुळ्याला येताहेत, त्यांच्या हाती पत्र आणि केळीचे वेफर देते. वेफर शेजारी वाटून टाकू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी दिपमाला

धुळे, १० नोव्हेंबर

चि. सौ. दिपमालास आशीर्वाद.

परतावा माझ्या खात्यात आला. तो फसवा निरोप रुपचंदभाऊंनी पोलिसांना कळवला, मग मला पुसायला सांगितला. पुसताना बोट अडखळले. श्री. पुसले जात होते.

डोळाही झाला. पट्टी सुटल्यावर पहिले तुझे पत्र पुन्हा वाचले. धुक्यात तेव्हा दिसले नव्हते. दाजी गेले हे मला एवढे समजावलेस आणि वर स्वतःच मला सौ. लिहिलेस! खूप हसले. मग हसू थांबले.

चोराचे श्री. पुसले. तुझे सौ. जपून ठेवले आहे, पण पुन्हा लिहू नकोस. नुसते अक्का पुरे.

यांचा फोन काल विझला. मी चार्जिंगला लावला नाही.

येत जा, लिहीत जा.
अक्का