भट्टीच्या दारावरचा हिरवा पंजा

जळगाव, १ ऑक्टोबर १९७३
आलो एकदाचा. दीपचंद शेठजींचा कारखाना स्टेशनापलीकडे आहे. इथे लोखंडी कपाटांचे पत्रे रंगवतात. पत्रा तेजाबाच्या हौदात बुडवून गंज काढायचा, धुवायचा, वाळवायचा, मग अस्तर, मग हिरवा रंग, आणि आकड्याला टांगून भट्टीत भाजायचा. मुकादम पंडितभाऊ म्हणाले, बोटाचा तेलकट डाग राहिला तरी रंग धरत नाही. म्हटलं, आमचं बोदवडचं घर बघा, चुलीवरसुद्धा डाग सापडायचा नाही. हसले. झाडूवाली द्रौपदाबाई मात्र हसली नाही.

५ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज हत्यारांची पूजा. ब्रश, चिमटे, सगळं घासून काढलं. भट्टीच्या दाराला आतून कोणाचा तरी हिरवा पंजा चिकटला होता. भाजलेला रंग, भारी हट्टी. तारेच्या ब्रशने खरवडून दार लख्ख केलं, फुलं वाहिली. शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

६ ऑक्टोबर
कुठून बुद्धी झाली. तो पंजा कौतिकचा, द्रौपदाबाईच्या एकुलत्या एका मुलाचा. गेल्या वर्षी सुटलेला पत्रा टांगायला तो भट्टीत शिरला आणि बाहेरून कोणीतरी दार लावलं. भट्टी निवली की ती रोज त्या पंजावर आपला हात ठेवायची. मला शिवीसुद्धा दिली नाही. एवढंच म्हणाली, भाऊ, मना पोऱ्याना तेवढाच हात राहेल व्हता.

९ ऑक्टोबर
सकाळचे पत्रे बाहेर काढले. प्रत्येकावर पंजाएवढा फोड, पाचही बोटं स्पष्ट. पंडितभाऊ म्हणतात, तेल राहिलं असेल. मीच धुतले होते, तेल कसलं. द्रौपदाबाई एका पत्र्याला गाल लावून बसली. शेठजींनी सगळे भंगारात टाकायला सांगितले. एक मी तिच्यासाठी लपवून ठेवला.

१२ ऑक्टोबर
पुन्हा तेच. बोटं आता वळलेली, नखं रुतवल्यासारखी. भट्टी चालू असताना आतून थापा ऐकू येतात. ती म्हणते, कौतिक बोलावतोय. दारापासून तिला ओढून आणलं. केवढी हलकी झालीय. मी तो हात खरवडला नसता तर—

१३ ऑक्टोबर
भट्टीपाशी नुसता झाडू. ती घरी नाही, कुठेच नाही. आत पाहिलं, रिकामी. दारावर, मी खरवडलं तिथेच, ओला हिरवा पंजा. त्यावर दुसरा, बांगड्यांच्या खुणांसकट. शेठजी म्हणतात, पूस. नाही पुसणार.

भट्टी पेटवली त्यांनी. थापा— दोघांच्या. भाऊ म्हणतेय— भाऊ, दार—

उघडतो, बाई, उघड—