शिट्टीनंतरचा गोल

रविवार, १६ नोव्हेंबर

आज बारा वर्षांच्या मुलीला लाल कार्ड दाखवलं. चाळिसाव्या वर्षी फुटबॉल रेफरीचा कोर्स केला, त्याला दीड वर्ष झालं. पिवळी बरीच दिली. लाल पहिलंच.

नेरूळचं मैदान, तेरा वर्षांखालच्या मुली, करावे गावचा संघ विरुद्ध वाशीची एक अकादमी. करावेची अबोली — सात नंबर, बारीक अंगाची, नुसती पळत असते. पहिल्या हाफमध्ये वाशीच्या फ्री किकला बॉलच्या पुढ्यातच उभी. मागे हो म्हणून तीनदा सांगितलं. हलली नाही. पिवळं. दुसऱ्या हाफमध्ये ती ऑफसाइड होती. मी शिट्टी दिली. सगळ्या थांबल्या. ही चार पावलं पुढे गेली आणि बॉल जाळ्यात मारला. शिट्टीनंतर बॉल मारला की पिवळं, आणि दोन पिवळी म्हणजे लाल. नियम सरळ आहे.

ती रडली नाही, हुज्जत घातली नाही. माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नाही — तोंडाकडे. का, ते कळलं नाही.

करावेचा कोच विपुल बाहेरून म्हणाला, "मॅडम, लहान पोरी आहेत, जरा समजून घ्या." मी म्हटलं, नियम लहान-मोठं बघत नाही. बोलताना भारी वाटलं. लिहिताना तेवढं वाटत नाहीये.

करावे दोन-शून्यने हरले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मॅचचा रिपोर्ट भरला. कारण: "शिट्टीनंतर मुद्दाम चेंडू मारला." 'मुद्दाम' लिहून बराच वेळ बघत बसले. मला काय माहीत मुद्दाम का? मग पाठवून दिला. डबा तसाच राहिला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नियमांचं पुस्तक पुन्हा काढलं. गंमत म्हणजे त्यात जागोजागी "रेफरीच्या मते" असं आहे. परीक्षेच्या वेळी हे वाचून पुढे गेले होते. नियम इतका पक्का असेल तर माझं मत कशाला विचारतात? मोजायला बसले, मग सोडून दिलं.

आशुतोष सरांना फोन केला. कोर्सला तेच शिकवायला होते, तीस वर्षं मैदानात काढलेला माणूस. म्हणाले, तू बरोबर केलंस, आज एकीला सोडलं की उद्या बाकीच्या विचारणार आम्हाला का नाही. पटलं. मग विचारलं, पण तिला शिट्टी ऐकूच आली नसली तर?

सर म्हणाले, शिट्टी आहे ती, कानात सांगितलेली गोष्ट नाही.

हेही पटलं. तरी ते तोंडाकडे बघणं डोक्यातून जात नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

विपुलचा मेसेज. सात डिसेंबरला जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी आहे आणि लाल कार्ड मिळालेल्या मुलींची नावं घेत नाहीत. चाचणीसाठी पाठवायच्या यादीत अबोलीचं नाव त्याने सगळ्यात वर लिहिलं होतं. तक्रार नव्हती, नुसतं कळवलं होतं. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

करावेला गेले, प्रॅक्टिस बघायला. घरी नवऱ्याला, प्रितमला, मासळी आणते म्हणून सांगितलं. त्याने ओळखलं.

मैदानाच्या कडेला बसून फक्त अबोलीकडे बघितलं. तासभर. ती डाव्या बाजूलाच खेळते, अगदी रेषेला चिकटून. बॉल दुसऱ्या टोकाला असला की मान सतत फिरवत राहते. विपुलने शिट्टी दिली की ती आधी बाकीच्यांचे पाय बघते, मग थांबते. अर्धा सेकंद उशिरा. माहीत नसेल तर दिसायचंही नाही.

पाणी प्यायला सगळ्या एका पायरीवर बसल्या. ती डाव्या टोकाला. मी मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला जाऊन हळूच म्हटलं, "अबोली, तुझी लेस सुटलीय." काही नाही. उजवीकडून म्हटलं. लगेच खाली बघितलं. लेस बांधलेली होती. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं मी काय केलं ते. उठून गेली.

मला स्वतःचीच लाज वाटली. पोरीची परीक्षा घेतली मी, तिला न विचारता.

विपुलला सांगितलं. तो म्हणाला, शक्य नाही, तीन वर्षं शिकवतोय तिला. मी विचारलं, डावीकडेच का खेळवतोस? तिनेच मागितली ती जागा, म्हणाला. आणि वळून डाव्या रेषेकडे बघायला लागला. डाव्या रेषेवर उभं राहिलं की अख्खं मैदान उजव्या कानाला येतं! त्या रविवारी मात्र उजव्या बाजूची मुलगी तापाने आली नव्हती, म्हणून त्याने अबोलीला तिकडे टाकलं होतं. म्हणजे मी तिच्या डावीकडे होते. दोन्ही वेळेला.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी जुईनगरच्या मैदानात डाव्या कानात कापूस कोंबून, वर हात दाबून उभी राहिले. डोळे मिटले. प्रितम शिट्टी घेऊन फिरत होता. चालायला आलेली माणसं बघत होती, बघू देत.

शांतता असली की शिट्टी ऐकू येते. पण कुठून, ते सांगता येत नाही. मी हात दाखवायचे आणि तो भलतीकडेच असायचा. मग शेजारी क्रिकेटवाली पोरं ओरडायला लागली. प्रितम म्हणतो त्याने तीनदा वाजवली. मला एकच ऐकू आली.

तो म्हणाला, "आता काय, सगळ्या रेफरींना कापूस वाटणार का?"

खरं तर वाईट कल्पना नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ऑफिसमधून लवकर निघून सीवूड्सच्या मासळी बाजारात गेले. अबोलीची आई, उज्वलाताई, तिथे बसते. मी कोण ते सांगितलं. तिने मांदेली साफ करताना मान वर केली नाही. लाल कार्ड देणारी बाई म्हणून घरी माझं नाव झालेलं असणार.

मी कानाचं बोलले. ती म्हणाली शाळेतूनही चिठ्ठ्या येतात, मुलगी ऐकत नाही, उत्तर देत नाही, मस्तीखोर आहे. दोन वर्षं येतायत. मग हातातली सुरी थांबली.

"आयकत नाय, आयकत नाय करून मीच तिला मारलंय," म्हणाली. "आयकू येत नाय, असा कुनी सांगितलाच नाय."

मी मांदेली घेतली. शुक्रवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

डावा कान जवळजवळ बंद. उजवा चांगला. डॉक्टर म्हणाले, लहानपणी गालगुंड झालं असेल त्यात गेला असावा, मुलांना स्वतःलाही कळत नाही कधीकधी. अबोलीला कळत होतं. वर्गात डाव्या भिंतीलगतचा बाक तिनेच निवडला होता. कुणाला सांगितलं नाही, कारण खेळणं बंद करतील असं वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलं खेळायला काहीच हरकत नाही. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मी तिच्या उजवीकडे बसून म्हटलं, त्या शनिवारी लेसवरून फसवलं, चुकलं माझं. तिने मान डोलावली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

स्पर्धा समितीला भेटले. डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यांनी वाईट वाटलं म्हणून सांगितलं आणि नियम दाखवला — मैदानातला रेफरीचा निर्णय अंतिम. समिती बदलू शकत नाही. फक्त रेफरीनेच लिहून दिलं की माझी चूक झाली, तर कार्ड मागे घेता येतं.

आशुतोष सर तिथेच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, लिहिण्याआधी विचार कर. पुढच्या महिन्यात रेफरीच्या वरच्या ग्रेडसाठी तुझी फाइल जाणार आहे. त्यात हे पत्र लागेल, आणि वरचे लोक कान-बिन बघणार नाहीत, चूक बघतील.

मी विचारलं, सर, तुम्ही काय केलं असतं?

सर गेटपर्यंत चालत आले. मग म्हणाले, "मला तुझ्यासारखं करावेला जायचं सुचलंच नसतं."

रविवार, ३० नोव्हेंबर

पत्र दिलं. चार ओळी. "खेळाडूला पहिल्या वेळी माझं सांगणं आणि दुसऱ्या वेळी शिट्टी ऐकू आली नाही. तिच्या हालचालीवरून माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. दोन्ही पिवळी कार्डं माझ्या चुकीने दिली गेली."

विपुलला एक प्रत पाठवली.

मंगळवार, २ डिसेंबर

कार्ड रद्द. अबोलीचं नाव चाचणीच्या यादीत. ग्रेडची फाइल या वर्षी पाठवणार नाहीत असं कळलं. प्रितमने विचारलं टेन्शन आलंय का. आलंय थोडं. पण झोप चांगली लागली!

शनिवार, ६ डिसेंबर

चैत्यभूमी. दिवसभर रांगेत. पाय दुखतात, बाकी काही नाही.

रविवार, ७ डिसेंबर

अबोलीची निवड झाली. चाचणी संपल्यावर मला शोधत आली आणि कोपऱ्यात घेऊन गेली. पहिल्या पिवळ्याच्या वेळी खरंच काही ऐकू आलं नव्हतं, म्हणाली. पण गोलच्या वेळी — "शिट्टी नाय आयकू आली मॅडम, पन सगल्या थांबलेल्या दिसल्या मना. तुमचा रागच आलेला. म्हनून मारला."

मी विचारलं, मग हे आता का सांगतेस? कुणाला कळलं नसतं.

"विपुलदादानी तुमचा कागद वाचाया दिला. त्यात तुमी लिवलंय, तुमची चूक झाली म्हनून."