रोस्कातलं बाळ

३ जानेवारी
आईला एअरपोर्टवरून आणलं. माझ्या लग्नाला ‘तब्येत’ म्हणून आली नव्हती. या वेळी सासू-सुनेचं जमलंच पाहिजे, नाहीतर ती पुन्हा अमेरिकेत, नेपरव्हिलला पाऊल टाकणार नाही. काळजी नाही, प्लॅन तयार आहे. आईला गाडीतच सांगितलं: लॅटिन बायका तापट, किचनमध्ये जाऊ नकोस, प्रश्न विचारू नकोस. बायकोला, मारिसोलला, आधीच सांगून ठेवलंय: आई कर्मठ, इंग्लिश जेमतेम, फार बोलू नकोस. मधे मी आहेच.

४ जानेवारी
घरात शांतता. प्लॅन चालतोय. मारिसोलने विचारलं, आई चिडल्यात का? आईने विचारलं, ती चिडलीय का? दोघींना म्हटलं, थोडी.
मारिसोलला चिडलेली मी अजून पाहिलेली नाही, हे खरं. सालसा नाचताही येत नाही. पूल तपासायची नोकरी करते. जन्म ऑरोराचा, इथून वीस मिनिटं. पण रक्त शेवटी रक्त!

५ जानेवारी
पुन्हा डॉक्टर. वर्ष झालं, मूल नाही. माझा रिपोर्ट वीक आलाय, पण तो मुद्दा नाही. मारिसोल म्हणते आईंना सांगू या. मी नको म्हटलं. आई मनाला लावून घेते.

६ जानेवारी
मारिसोलचे आईवडील, भाऊ, सगळे जेवायला. मेक्सिकन रीतीचा रोस्का कापला. गोल गोड पाव, आत बोटाएवढं प्लास्टिकचं बाळ लपवलेलं. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना टमाले करून घालायचे. मक्याचं पीठ, आत सारण, कणसाच्या सालात बांधून उकडायचं. फार कुटाणा!
बाळ नेमकं माझ्या तुकड्यात. हळूच आईच्या तुकड्यात खोचलं. पाहुण्या बाईला कोण कामाला लावतंय? झकास.
आईला बाळ सापडलं. सगळ्यांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. आईला वाटलं, गोड बातमी. तिने मारिसोलच्या पोटाकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि तिला घट्ट जवळ घेतलं. मारिसोलही रडली. सासू पहिल्यांदाच जवळ घेत होती.
उद्या सांगतो सगळं.

७ जानेवारी
सांगणार होतो. तेवढ्यात आईचे नागपूरला फोन झाले. विनीतामावशीने दुपटी शिवायला घेतली. मारिसोलने विचारलं, आई एवढ्या आनंदात का? म्हटलं, पाव आवडला.

१० जानेवारी
आईने मारिसोलच्या हातातून लॉन्ड्री बास्केट काढून घेतली आणि स्वच्छ इंग्लिशमध्ये विचारलं, कितवा महिना?
आता स्फोट! मी काचेच्या प्लेट्स बाजूला केल्या.
मारिसोलने कोट चढवला, फावडं घेतलं आणि ती ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेली. आई माझं जॅकेट घालून मागोमाग. खिडकीतून पाहत होतो. मारिसोल बोलत होती, आई ऐकत होती. मग आई बोलायला लागली. बराच वेळ. मी मध्यस्थीला जाणारच होतो, पण बाहेर फार गारठा.

११ जानेवारी
दोघी माझ्याशी बोलत नाहीत. सांस्कृतिक फरक असणार.

२ फेब्रुवारी
बाळ कुणाच्या तुकड्यात निघालं ते मारिसोलने पाहिलं होतं. टमाले मी केले. सकाळपासून बांधतोय, उकडताना सुटतायत. दोघी टेबलाशी कॉफी घेत बसल्या होत्या. आईने शांतपणे विचारलं, ती तापट, मी तापट, मग या घरात घाबरतं कोण?
मी पीठ मळत राहिलो.
माझ्या जन्माआधी आईने सात वर्षं वाट पाहिली होती. मला आज कळलं. मारिसोलला दहा तारखेलाच, बर्फात. माझा रिपोर्टही आईला ठाऊक आहे. एवढी वाट पाहून पदरात काय पडलं, असं म्हणून आईने माझ्याकडे पाहिलं. मारिसोलने तिच्या हातावर हात ठेवला.
आई पुढच्या वर्षी पुन्हा येणार. म्हणाली, सुनेकडे येतेय, मधे कुणी नको.