जिन्सीचा ऐकण्याचा पेपर

कडुत्तुरुत्ती,
रविवार

तीर्थस्वरूप वर्किच्चायन यांना धाकट्या भावाचा, औसेपचा, प्रभू ईशोच्या नावाने नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहितात म्हणून लिहितो; लगेच खरं मानू नका. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी म्हणाल्या, उत्तम! पण ज्या घाईने म्हणाल्या त्यावरून मला शंकाच आली. खरं काय ते कळवा. (फोन करत नाही, कारण घरात जिन्सी असते, आणि ती काय ऐकेल सांगता येत नाही.)

तिचंच सांगायचंय. आयर्लंडच्या हॉस्पिटलात तिला नर्सची नोकरी लागलीय, पण इंग्रजीची परीक्षा पास झाली तरच. वाचणं, लिहिणं, बोलणं, सगळ्यात पोरगी पुढे (बोलण्यात आईवर, आमच्या त्रेस्याम्मावर, गेलीय), आणि ऐकण्याच्या पेपरात दर खेपेला आपटते. आता पुढल्या महिन्यात आपटली, तर नोकरी दुसरीला देणार, असं त्यांनी स्पष्ट कळवलंय. कोट्टयमला एवढी वर्षं वॉर्ड सांभाळणारी पोरगी अशी अचानक बहिरी कशी होईल? यात कुणाचा तरी हात असणार, असं मी धरून चाललो.

पहिला संशय त्या कानाला लावायच्या यंत्रावर. ते मी स्वतः लावून पाहिलं. आतला साहेब तोंडात गरम कंद घोळवत बोलल्यासारखा बोलत होता, पण यंत्र ठीक होतं. दुसरा संशय शिकवणीच्या मास्तरवर, बेबीसारवर. हा गृहस्थ एर्नाकुळमच्या पलीकडे गेलेला नाही आणि पोरींना डब्लिनची बोली शिकवतो! त्याच्या क्लासबाहेर मी मासेवाल्याच्या सायकलीआड उभा राहिलो, सहज थांबल्यासारखा. त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय औसेपच्चन, नाव घालताय का?" आतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. लाजेकाजेस्तव मासे घेतले, तेही शिळे निघाले. (त्यात बेबीसारचा हात नसावा, पण सांगता येत नाही.)

शेवटी आमची त्रेस्याम्मा कडाडली, "गावभर हेरगिरी करण्यापेक्षा पोरीजवळ बसा की जरा!" म्हणून काल बसलो. जिन्सीने आवाज मोठा केला आणि मला वाक्यावाक्याचा अर्थ सांगत गेली. एक म्हातारा पेशंट नर्सला सांगत होता की गोळ्या वेळेवर घेतो, आणि कुणी विचारलं नसताना, की दारू फक्त रविवारी, एक ग्लास. जिन्सीने उत्तर लिहिलं: गोळ्या घेत नाही, रोज पितो. अगं, म्हटलं, शब्द न शब्द तर कळला होता तुला! तशी फणकारली, "कळला ना, अप्पा! पण जो न विचारता रविवार सांगतो, तो रोज पितो. पेशंट म्हणेल ते मी खरं मानलं असतं, तर अर्धा वॉर्ड आज दफनभूमीत असता!" (मी विषय वाढवला नाही. ताडीच्या दुकानाबद्दल तिला काय ठाऊक आहे ते अजून कळलेलं नाही.)

बेबीसारने तिच्यापुढे हात जोडले म्हणे, की बाई, तो थापा मारतोय हे त्याच्या बायकोला कळू दे, तू त्याचं म्हणणं तेवढं लिही. ती मान डोलावते, आणि पेन हातात आलं की पुन्हा तेच. त्रेस्याम्मा माझ्याकडे बघत म्हणते, खाण तशी माती. मी जिन्सीला बजावलंय, परीक्षेपुरते सगळे पेशंट संत आहेत असं समज. "समजते," म्हणाली; पण तिचा सूर ऐकून मला काही ते खरं वाटलं नाही.

तुमचा,
औसेप

ता. क. जिन्सीने परदेशी जावं असं मला मनातून वाटत नाही, असं वहिनी म्हणतात म्हणे. साफ खोटं! मी तिच्यासाठी बॅगसुद्धा आणलीय. (जरा लहान आहे.)

पुन्हा ता. क. खरं काम राहिलंच. मंगळवारी तुम्ही संत अंतोनीच्या चर्चमध्ये जाता, तेव्हा जिन्सी पास होऊ दे म्हणून एक मेणबत्ती लावा. मीही रोज गुडघे टेकून तेच मागतो, आणि शब्द अगदी बरोबर असतात. पण तो वरचा जर आमच्या जिन्सीसारखा ऐकत असेल, तर मला काय हवंय ते त्याने केव्हाच लिहून घेतलं असणार. तुम्हीच मागा, इच्चाया. तुमची मुलं तर कधीच परदेशी गेली. तुमच्या मागण्यावर त्याला शंका यायची नाही.