शिडी धरणारी

३ ऑगस्ट

चि. बाळ्यास, अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, आणखी कोणी गेलेलं नाही. काल अण्णांच्या दुकानात त्यांच्या आठवणींसाठी सगळे जमले होते. पाट्या रंगवणारे जुने पेंटर झाडून आले, खुर्च्या पुरेनात तेव्हा रंगाच्या डब्यांवर बसले. जो तो म्हणाला, असा घरावर जीव टाकणारा माणूस पुन्हा होणे नाही. सहाला ब्रश धुतला की साडेसहाला घरात. मग प्रत्येकाने विचारलं, मुलगा कुठे आहे? मी म्हटलं, कामात आहे. सहा वर्षं हेच सांगून माझ्या जिभेला घट्टे पडलेत.

आधी त्यांचे पाय गेले, मग हात, शेवटी घास गिळेना. मी शाळेतली नोकरी सोडून उशाशी बसले. तू औषधांची खोकी पाठवत राहिलास आणि गेल्या महिन्यात ते गेले तेव्हा एका दिवसापुरता उगवलास. तेही अंगणात पाठमोरा उभा. बापाचं तोंडसुद्धा पाहिलं नाहीस आणि दुपारच्या गाडीने चालता झालास. आत्या म्हणाली, पोराला सोसलं नाही. मला सोसलं वाटतं?

पुढच्या आठवड्यात दुकान आवरणार आहे. त्यातलं काही हवं असेल तर कळव, पाठवून देईन. न्यायला मात्र येऊ नकोस.

कळावे. लोभाचं या खेपेला लिहीत नाही.

ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. एरवी काहीतरी थाप मारून वेळ मारून नेली असती, तुला माझ्या थापा पाठ आहेत. पण ज्यांच्यासाठी गप्प होतो तेच आता नाहीत. सोबत अण्णांचं एक पत्र ठेवतोय. अशी बावीस आहेत. हे पहिलं त्यांच्या हातचं. हात गेल्यावरची सगळी त्या इंजेक्शनवाल्या कंपाउंडरच्या अक्षरात. पोस्टात टाकायचाही तोच.

मी दोनदा तिकीट काढलं होतं, दोन्ही वेळा परत फिरलो. तू रागावशील, रागाव. दुकानातलं मला काही नको.

तुझा लोभ मागायला तोंड नाही, म्हणून नुसता नमस्कार.

बाळ्या

(सोबतचं पत्र)

चि. बाळ्यास, अनेक आशीर्वाद.

तू येतो म्हणालास. येऊ नकोस. ताई मला उचलते, पुसते, न्हाऊ घालते. तिच्या डोळ्यांत आता मी खाटेएवढाच उरलोय. घरात एकाला तरी मी शिडीवर उभा आठवायला हवा. ते काम तुझं. मी गेल्यावरसुद्धा चेहरा पाहू नकोस.

ताईला बोलू नकोस. तिला कळलं तर म्हणेल, वाईट वाटा तेवढा माझ्या पदरात घातलात. आणि चिडून निघून गेली तर माझं करणारं कोण आहे?

अण्णा

१५ ऑगस्ट

चि. बाळ्यास,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

अण्णांनी माझा केसाने गळा कापला. सहा वर्षं रोज सकाळी चादर बदलताना मी त्यांच्यासमोर तुझा उद्धार करत होते. दगड म्हटलं, उपरा म्हटलं. ते भिंतीकडे तोंड करायचे आणि पाणी मागायचे. मला वाटायचं, लेकाचं वागणं जिव्हारी लागलंय. मी आणखी चार शिव्या वाढवायचे, त्यांचं दुःख हलकं व्हावं म्हणून. एका शब्दाने म्हणाले नाहीत की अगं, पुरे, मीच नको म्हटलंय त्याला.

आणि तो कंपाउंडर! आठवड्यातून तीनदा यायचा, दर खेपेला आलं घातलेला चहा पाजला त्याला. माझ्या घरातलं गुपित परक्याला ठाऊक आणि मी बावळट दाराशी चपला सरळ करतेय.

तुझाही राग आहेच. बापाने सांगितलं आणि तू ऐकलंस, एवढा आज्ञाधारक कधीपासून झालास? पण सगळ्यात झोंबली ती शेवटची ओळ. मी निघून जाईन असं वाटलं त्यांना. चाळीस वर्षं ओळखत होते मला, आणि एवढीच ओळखली. मागितलं असतं तर दोन्ही वाटे मी राजीखुशीने उचलले असते, बाळ्या. विचारलंच नाही.

आता डोळे मिटले की मला चमचा दिसतो, हनुवटीवरून ओघळलेली पेज दिसते. उभे अण्णा शोधते तर सापडत नाहीत. ते तुला दिलेत ना, सांभाळ.

ताई

२२ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सांभाळ म्हणतेस, तर हिशोबात काय आहे ते ऐक. माझ्याकडे उभ्या अण्णांच्या चार गोष्टी आहेत. बायकोने त्या इतक्यांदा ऐकल्यात की मी सुरुवात केली की पुढचं तीच सांगते. सहा वर्षांत पाचवी गोष्ट झाली नाही, कारण मी तिथे नव्हतोच.

आणि त्या चारही गोष्टींत तू आहेस. मी समोरच्या पायरीवर पेरू खात बसलेलो, अण्णा शिडीवर, आणि खाली तू, दोन्ही हातांनी शिडी धरून. मला एकदाच धरायला दिली होती. दोन पायऱ्या चढले आणि उतरले. म्हणाले, ताईला बोलाव. ती असली की मला खाली बघावं लागत नाही.

पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं होतं, अण्णांनी मला निवडलं. आता वाटतं, त्या दिवशीसारखंच बाजूला बसवलं. माझीही फसवणूकच झाली, ताई, फक्त मला ती बक्षीस म्हणून मिळाली.

मी येऊ का? नाही म्हणालीस तर या वेळी ऐकणार नाही.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

बाळ्या

२९ ऑगस्ट

चि. बाळ्यास, अ. आ.

काल एकदाचं दुकान आवरलं. शिडी तेवढी ठेवली. ओसरीत भिंतीला लावली आणि खाली उभी राहून दोन्ही हातांनी धरली. या वयात काय हे चाळे, म्हणशील.

शिडी धरणाऱ्याला वरचं काही दिसत नाही रे. पाटी नाही, चेहरा नाही. मला दिसायच्या त्या टाचा. डाव्या टाचेला आडवी भेग, तिच्यात बसलेला निळा रंग, कितीही घासला तरी न निघणारा. सहा वर्षं त्याच टाचांना मी रोज तेल चोळलं, शेवटच्या दिवशी मीच पुसल्या, आणि मला ओळखू आल्या नाहीत. निळा रंग तेव्हाही होता, बाळ्या. काल आठवलं आणि ओसरीतच बसले.

म्हणजे माझे उभे अण्णा माझ्याजवळच होते. त्यांना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून त्यांना माफ केलं असं समजू नकोस. सगळं त्यांना सांगायचं होतं, ते ऐकायला थांबले नाहीत.

तू ये. बाकीची एकवीस पत्रं घेऊन ये. मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या घासापर्यंत सगळं सांगणार आहे आणि तू मान फिरवायची नाहीस. मग तू सांग, रंगवताना त्यांचा चेहरा कसा दिसायचा. मी तो कधीच पाहिलेला नाही.

दार नुसतं लोटलेलं असेल. अंगणात पाठमोरा उभा राहू नकोस, सरळ आत ये.

लोभ आहे. वाढवायचा की नाही ते तू आल्यावर बघू.

ताई