भट्टीमागची गल्ली

५ नोव्हेंबर
आलो एकदाचे! दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर अंगण. ह्यांना भट्टीवर फिटरची नोकरी लागली आणि घर कारखान्याचंच. मला सहावा लागलाय. बाळ दिवसभर लाथा झाडतंय. बापावर गेलंय, एका जागी म्हणून बसवत नाही. शेजारच्या मावशी चहा घेऊन आल्या. माझ्या पोटाकडे नजर गेली मात्र, लगेच नळाच्या वेळा सांगायला लागल्या.

१२ नोव्हेंबर
वाळलेली चादर काढली तर तिच्यावर करडी पूड. भट्टीच्या चिमणीवरून वारा इकडे फिरला की जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येते. हे म्हणाले, होईल सवय. गल्लीत एवढ्या लेकीसुना, पण एकही रांगतं मूल दिसत नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, आजोळी असतील. आणि घाईघाईनं आत गेल्या.

२० नोव्हेंबर
कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. नर्सबाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, माहेरी जा गं, इथं कुणाचे दिवस धड भरत नाहीत.
तशीच मावशींकडे गेले. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलल्या. त्यांची दोन आठव्यातच गेली. तिसरं पुऱ्या दिवसांचं, पण रडलंच नाही. समोरचीचं तेच, कोपऱ्यावरच्या सुनेचं तेच. जी ती आपल्या नशिबाला बोल लावत बसली, म्हणाल्या. त्या चिमणीकडे वर बघायचं कुणाला सुचलंच नाही.

२१ नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. आधी चिडले, नोकरी सोडून खायचं काय म्हणाले. मग घास हातातच राहिला. साहेबलोकांपैकी एकाचीही बायको इथं राहत नाही, हे त्यांनाही आत्ताच जाणवलं. रविवारी मला आईकडे सोडणार.

२४ नोव्हेंबर
खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. तरी पूड येतेच. बाळ आज कमी हललं. झोपलं असेल —

२५ नोव्हेंबर
गोड खाल्लं. गार पाणी प्यायले. डाव्या कुशीवर पडून राहिले. एकदा हललं. की मलाच वाटलं —

२६ नोव्हेंबर, सकाळी
रविवारची वाट कोण बघतो. हे शहरातल्या इस्पितळात न्यायला गाडी आणायला गेलेत. बाहेर भट्टीचा धूर उतरलाय, सगळं पिवळं. समोरचं दारही दिसत नाही. कालपासून एकही लाथ नाही. लिहीत राहिले तर रडणार नाही —
मावशींनी पोटाला कान लावलाय. विचारलं, ऐकू येतंय ना. डोकं वर काढत नाहीत. पुन्हा विचारलं. त्यांचे खांदे —