पडदेवाल्या सुनेचं टपाल आणि माशांचं खाद्य

चिरंजीव धाकटीस थोरलीचे आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझ्या जावयाचा घसा आणि तुझ्या शेजारणीचा स्वभाव, तिन्ही सुधारले असतील अशी आशा आहे (तिसऱ्याची फारशी नाही). मी ठीक. दात उरलेत तेवढे जागेवर आहेत. वरच्या मजल्यावरची नर्स उद्या तुमच्या बाजूला निघाली आहे, तिच्याच हाती हे पत्र देते.

तर आमच्याकडचं सांगते. सूनबाई पडदे शिवते हे तुला ठाऊक आहे. या वेळी तिला एका नाट्यगृहाचा पडदा मिळायच्या बेतात होता, मखमली, दोन मजले उंच. एवढं मोठं काम तिला आजवर मिळालेलं नाही. अट एकच, गुरुवारी पाचच्या आत तिचा होकार मेलने पोचायचा आणि तोही नोंदवलेल्या पत्त्यावरूनच. आणि मेल काही पोचेना! तिने फोन केला, तर तिथला कारकून गोड आवाजात म्हणाला की तोंडी होकार चालत नाही, नियम आहे. (गोड आवाजात नाही म्हणणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. भांडताही येत नाही.)

आता आमचे चिरंजीव कॉम्प्युटरची जाळी जोडतात, म्हणून साऱ्या जगाचं टपाल जिथून जातं तिथून आमचं जाईल तर शपथ. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी त्याने स्वतःचं मेल पाठवायचं यंत्र मांडलंय. ते कायम गरम असतं, मी त्यावर मोजे वाळवते. मंगळवारी त्याला दुखणं सापडलं. प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो, चार तुकड्यांचा. आपलं टपाल दुसऱ्याच्या दारात गेलं की ते दार आधी आकडा बघतं आणि उलटी चौकशी करतं, हा आकडा कुणाचा? आमचा आकडा आमच्याआधी शोभेच्या माशांचं खाद्य विकणाऱ्या कुणाकडे होता आणि नोंदीत अजून त्याचंच नाव! म्हणजे पत्र म्हणतं मी पडदेवाली, आकडा म्हणतो मी माशांचं खाद्य. मग नाट्यगृहाने दार उघडावं कशाला? मीही उघडलं नसतं.

मुलाने आधी आपल्याकडच्या नोंदी बदलून पाहिल्या. काही होईना. मग कळलं की आपलं नाव आपण कितीही रंगवलं तरी आकड्याची वही, जिने आकडा दिला त्या कंपनीकडे असते. म्हणून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, हा आकडा आमचा नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मुलगा स्वयंपाकघरात येरझारा घालायला लागला, सूनबाईने बोलणं सोडलं आणि मला चहा करायलाही जागा उरली नाही.

बुधवारी मी मोजे काढायला गेले. यंत्रावर कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली आहे. इंग्रजी मला येत नाही, पण बसचे नंबर वाचत जन्म गेला. चिठ्ठीवर दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, पंचवीस. आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर उघड्या असलेल्या तक्रारीत पंचवीस, एकशे तेरा, शून्य, दोनशे तीन.

मी म्हटलं, "शेपटीकडून का रे लिहिलास?"

"आई, तुला नाही कळायचं. त्या वहीत आकडा उलटाच लिहितात."

"कोण लिहितं?"

"कंपनीतला माणूस."

"मग तू कशाला उलटवलास? त्याचं काम त्याला करू दे की!"

तो तक्रार पुन्हा उघडून आकडे बोटाने मोजायला लागला, मी मोज्यांच्या घड्या केल्या. वीस वर्षांची सवय गं! हाताला उलटंच वळण पडलेलं. मग सरळ आकडा धाडला, तासाभरात कंपनीने वही दुरुस्त केली. खबर सगळीकडे पसरायला एक दिवस लागतो म्हणे. गुरुवारी सव्वाचारला कारकुनाचा फोन आला, होकार मिळाला, मापं घ्यायला या. सूनबाईने मला मिठी मारली (कात्री हातात होती, मी हललेच नाही). मुलगा आता सगळ्यांना सांगतो, आम्हाला चूक सापडली. आम्हाला! असो, घरात आनंद आहे आणि मोजे कोरडे आहेत.

तुझी,
थोरली

ता. क. दारं बंद होती तोवर आमचं यंत्र अडलेली पत्रं पोटात धरून पुन्हा पुन्हा टकटक करत होतं. काल सगळी एकदम सुटली. त्यात सोमवारी मी मुलाला सांगून तुला लिहवलेलं एक आहे. आईचा आरसा मी लंपास केला असं तू फोनवर म्हणालीस, त्यानंतरचं. तुझ्याबद्दल लिहिलंय ते तू सोसशील. पण ओघात तुझ्या जावयाबद्दलही लिहिलंय आणि रविवारी येऊन तुझे मेल मोठ्याने वाचणारा तोच! तेवढं पत्र त्याच्याआधी नर्सकडून पुसून घे. तिला मी सगळं समजावून ठेवलंय.

ता. क. दुसरा. आरसा माझ्याकडेच आहे. पुसलेल्या पत्रात तुझ्याबद्दल काय होतं ते पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तोंडावर सांगेन, म्हणजे तुझं काही हुकायला नको.